लाईट जाईपर्यंत

धामणकर नाक्याजवळ आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. त्या खडखडाटात स्टेथोस्कोपमधून काही ऐकू यायचं नाही. म्हणून छातीच्या पेशंटला ते बाकावर बसवून ठेवायचे. "बसा. लाईट जाऊ द्या, मग ऐकतो."

लोडशेडिंगला सगळं गाव शिव्या द्यायचं. हे एकटेच त्याची वाट बघायचे. "डॉक्टरसाब, सुई मारो, ड्युटी पे जाना है," एखादा लूमवाला कुरकुरायचा. "अरे, पहले सुनने तो दे!"

आईला आधीच्या डॉक्टरने नुसतीच खोकल्याची औषधं दिली होती. लाईट गेली, लूम थांबले, तेव्हा यांनी डोळे मिटून कितीतरी वेळ तिची पाठ ऐकली. मग मला म्हणाले, "डाव्या बाजूला पाणी झालंय, बेटा. आजच ठाण्याला घेऊन जा."

आई बरी झाली. नंतर डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. आता आम्ही जातो तो दवाखाना एसी आहे. तिथे आई नीट बसायच्या आत गोळ्या लिहून होतात.

अजूनही घरी लाईट गेली की आई बोलता बोलता थांबते आणि पाठ ताठ करून बसते. मी तिच्या पाठीला कान लावते. श्वास ऐकू येतो. त्यातलं मला काही कळत नाही.