बाबांच्या पोटातली वस्ती

बाबांना जाऊन काही महिने झाले. गंजाडच्या घरी त्यांचे कपडे आवरताना हात मध्येच थांबतो. लिहितेही तशीच, थांबत थांबत.

गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. तलासरीच्या दवाखान्यात जोरदार अँटिबायोटिक्स दिली, त्या औषधांनीच जीव वाचला. पण घरी आले ते खाटेला खिळले. पोट सारखं बिघडायचं, मांड्या काटकुळ्या झाल्या, धरल्याशिवाय उठता येईना. त्यांना एकच हवं होतं, परसाकडे एकट्यानं जाता यावं. मुलीनं धरून न्यावं याची त्यांना फार लाज वाटे.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला बिस्किटांचा पुडा न्यायची रीत. नागली, म्हणजे नाचणी, रोजची, म्हणून ती आजाऱ्यापुढे ठेवायला हलकी. आम्हीही त्यांना पाव, टोस्ट, बिस्किटंच देत राहिलो. बाबा म्हणायचे, "खाटेखाली दुकान लागलंय. दुकानदार तेवढा उठत नाही."

पुन्हा तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सावकाश समजावलं. आतड्यात असंख्य जिवाणूंची वस्ती असते. आपल्याला न पचणारा धान्याचा कोंडा हे त्यांचं अन्न. वयाबरोबर ती वस्ती बदलते, आणि औषधांनी वाईटांबरोबर चांगलेही मारले जातात. म्हातारपणच्या अशक्तपणाशी याचा संबंध असावा, पण सगळं अजून उलगडलेलं नाही.

"आजाराआधी काय खायचे?"

"नागलीची आंबील, भाकर, कुळीथ, रानभाज्या."

"मग हळूहळू तेच द्या. जादू समजू नका. खुर्चीतून उठबसही रोज करवा."

घरचं आंबिलीचं मडकं कधीच कोरडं पडलं होतं. विरजण मागायला मी शेजारच्या मावशींकडे गेले. त्या बाबांच्याच वयाच्या, लहानपणापासूनच्या ओळखीच्या. पण दिवेलागण झाली होती, आणि त्यानंतर आंबट घराबाहेर देत नाहीत. सकाळी मी निघायच्या आतच त्या वाटी घेऊन आमच्या दारात.

"काय रे, दुकानाचं बिस्कूट पचलं नाही वाटतं?"

"तुझी आंबील पिऊन मरायचं तेवढं राहिलंय," बाबा म्हणाले.

"मर की. वाटी परत देऊन मर."

कितीतरी दिवसांनी बाबा हसले.

आधी चमच्यानं, मग वाटीनं. पोट जागेवर आलं. खुर्ची धरून उठबस सुरू झाली. चिडायचे, पण करायचे. भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी खाट रिकामी दिसली. मी घाबरून मागच्या दारी धावले. बाबा काठी टेकत, एकटे, परसाकडून परत येत होते.

"बघतेस काय? वाट सोड."

मी बाजूला झाले.

औषध, उठबस की आंबील, कुणाचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. मावशींची, डॉक्टरांची आणि कधी डोळ्यांना न दिसलेल्या त्या जिवांचीही मी ऋणी आहे. पुढचं वर्षभर, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत, बाबा आपल्या पायांनी गेले आणि आले.