विटेचा शेक

“नुसतं ओलं करू नको तोंड. धू!”

सकाळी नळावर हे वाक्य कानावर पडल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नसे. नाशिकरोडला आमच्या कॉलनीत आठ घरांत मिळून एक नळ होता आणि त्याच्या ओट्यावर मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या असत. सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात त्या आया होत्या. वर्षानुवर्षं चिमटे उकळून त्यांना दातांची जेवढी पारख आली होती, तेवढी आम्हाला तांदळाचीही नव्हती. तुमच्याही वस्तीत अशी एखादी बाई असेलच, जिला चुकवायला आपण मुद्दाम उशिरा पाण्याला जातो.

मी नवी नवरी होते तेव्हाच त्यांनी मला धरलं. “रात्रीची खरकटी भांडी तशीच टाकून झोपतेस का गं?”

“नाही मावशी.”

“मग तोंड का टाकतेस?”

मला राग आला होता. पण त्या रात्रीपासून मी झोपण्याआधी दात घासायला लागले, हेही खरं.

सासूबाईंचं आणि त्यांचं मात्र कधी जमलं नाही. सासूबाई दिंडोरीकडच्या. सकाळी उठल्या की आधी मशेरीची डबी, मग बाकीचं जग. मावशी म्हणायच्या, “आक्का, ती तंबाखू जाळून हिरड्यांना चोळतेस, गालाची आतून साल निघंल एक दिवस.” सासूबाई बोट तोंडातून न काढता उत्तर द्यायच्या, “तिच्याबिगर मला परसाकडं होत नाय. तू देती का औषध?” नळावरच्या सगळ्या बाया हसायच्या आणि मावशी रागाने बादली उचलून निघून जायच्या.

ह्यांच्यावर तर त्यांचा विशेष डोळा होता. कारखान्यातल्या तपासणीत ह्यांना साखर निघाली होती. गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर नाही, असा कारभार. खालच्या बाजूची एक दाढ पोखरलेली, तिच्यात लवंग दाबून कामावर जायचे. “पोरा, साखरवाल्यानं दात जास्त जपावेत,” मावशी बजावायच्या. “दातातला पू साखर चढवतो, अन् साखर पू वाढवते. दोघं मिळून माणूस खातात. उद्या ये माझ्यासंगं दवाखान्यात.” हे म्हणायचे, “रविवारी बघू.” रविवारी दवाखाना बंद असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला पण होतं, आणि मी गप्प बसले.

मावशी भाचीच्या लग्नाला इगतपुरीला गेल्या आणि नेमका तेव्हाच ह्यांचा गाल सुजला. सासूबाईंनी वीट चुलीवर तापवली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि शेकायला बसल्या. दिवसभर शेकलं. दुसऱ्या दिवशीही शेकलं. आमच्याकडे दाढ सुजली की हाच उपाय. मीच वीट तापवून हातात देत होते.

तिसऱ्या दिवशी ठणका उतरला. “बसतंय बघ,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. पण सूज बसली नव्हती. ती गालावरून हनुवटीखाली सरकली होती. गळा फुगून टणक झाला होता. हे बोलेनात. पाणी दिलं तर ओठांतून परत यायचं. तोंडातून लाळ गळत होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. मी “रिक्षा आणते” म्हटलं, तर सासूबाई ओरडल्या, “दुखायचं थांबलंय ना? मग कशाला कापाकापी करायला नेती?” ठणका थांबला हे खरंच होतं, म्हणून मला उलट बोलवेना. आजही त्या अर्ध्या तासाची मला लाज वाटते.

दुपारी दारात मावशी दिसल्या. हातात लग्नाची पिशवी तशीच. सासूबाईंच्या हातातली वीट त्यांनी पाहिली, मग ह्यांचा गळा पाहिला.

“आक्का, वीट खाली ठेव.”

“माझ्या लेकाला मी शेकते. तू कोण गं?”

मावशींनी पिशवी टाकली आणि सासूबाईंचं मनगट धरलं. दोघींची ओढाओढ होणार असं वाटलं. पण मावशींचा आवाज एकदम खाली आला.

“ऐक. माझी पोर सोळा वर्षांची होती. तिलाबी मीच शेकलं. असंच, दोन दिवस. ठणका थांबला म्हणून मी निवांत भाकरी थापत बसले. ती मागं गुदमरत होती आक्का, अन् मी भाकरी थापत होते. शेकानं पू मरत नाही. पुढं दवाखान्यात लागल्यावर मला ते कळलं. कुणाला सांगितलं नाही आजवर. आता तुला सांगितलं. ठेव ती वीट.”

सासूबाईंच्या हातातून वीट सुटली. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे, कारण ते वाचून दुखावेल असं आता कुणी उरलं नाही.

पुढचं सगळं मावशींनीच केलं. ह्यांना आडवं होऊ दिलं नाही. “आडवा केलास तर श्वास कोंडंल,” म्हणाल्या. रिक्षात मधे बसवून एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने मी. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. मावशी वाटभर तो आवाज ऐकत होत्या. आवाज थांबला की त्या ह्यांच्या पाठीवर थाप मारायच्या, “घे, घे, पोरा.”

दवाखान्यात हनुवटीखाली चीर देऊन पू काढला. बाहेर बाकावर सासूबाई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरण्याची ती पहिलीच वेळ. बऱ्याच वेळाने मावशी बाहेर आल्या. “श्वास मोकळा झाला,” एवढंच बोलल्या आणि तिथेच फरशीवर बसून रडल्या. बाकी कुणी रडलं नाही, त्याच रडल्या.

हे वाचले. दाढ गेली, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, आणि रात्री मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरल्याशिवाय हे अंथरुणाला पाठ टेकेनासे झाले. सासूबाईंची मशेरी काही सुटली नाही. पण चोळून झाली की खळखळून चूळ भरायच्या आणि तेही मावशी बघतायत ना, याची खात्री करून.

निवृत्त झाल्यावर मावशी नांदगावला भावाकडे राहायला गेल्या. काही वर्षांनी त्या गेल्याचं पोस्टकार्ड आलं. जलदान विधीला आम्ही तिघं गेलो. सासूबाईंना चालवत नव्हतं, तरी हट्टाने आल्या.

विधी झाल्यावर बाया ओसरीवर बसल्या. मावशींची भावजय डोळे पुसत म्हणाली, “ननंदेला काही सुख लाभलं नाही. एकुलती एक पोर, तीबी तापानं गेली.” मग आमच्याकडे वळून तिने विचारलं, “तुमच्या शेजारी इतकी वर्षं राहिल्या. तुम्हाला सांगितलं असंल ना त्यांनी?”

ह्यांनी मान खाली घातली. सासूबाई मात्र लगेच बोलल्या.

“सांगितलं होतं तर. तापानंच गेली पोर. आईनं लय केलं तिचं, काय बी करायचं ठेवलं नाय.”