घागरीतली मरळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चोरीची मरळ साफ करणं. राख लावून मी ती धरली, बायकोनं विळीवर खवले काढले. यापेक्षा बरं काही आठवलं असतं तर तेच लिहिलं असतं.

चोरी मीच केली होती, अन् तीही आमच्याच तलावात.

ऐंशीनंतरची गोष्ट, ब्रह्मपुरीकडची. तलाव ठेकेदाराचा होता. जाळं आम्ही ढिवरांनी ओढायचं, मासोळी त्यानं न्यायची. म्हणून आम्ही त्याची चोरायचो. हात चांगला बसला होता. मग आम्ही सोसायटी केली, तलाव एका सालासाठी आमच्याकडे आला. दिवाळीला पहिलं जाळं ओढायचं, त्यात मासोळी निघाली नाही तर पुन्हा ठेकेदार. मी चौथी नापास, पण आवाज मोठा, म्हणून मला अध्यक्ष केलं. पहिला ठराव मीच मांडला, दिवाळीपर्यंत कोणी गळ टाकला तर तो सोसायटीतून बाहेर. बायकोनं सगळ्यांच्या आधी अंगठा दिला.

तरी मासोळी कमी होत होती. सवय सगळ्यांची जुनी, अध्यक्षाची सगळ्यांत जुनी. त्या दुपारी बेडकी लावून गळ टाकला. दोन मरळी लागल्या, त्या घेऊन घरी आलो.

"अजी, आता कोनाची चोरून राह्यले तुमी?" ती म्हणाली.

"सोसायटीची."

"म्हंजे माही बी."

तिनं दोन्ही मरळी हातात घेऊन पाहिल्या.

"एक तं मेली, ते शिजवतो. दुसरी जित्ती हाये. सकाळी नेऊन सोडा, राखनदाराच्या डोयासमोर."

"अध्यक्षपद जाईन माहं."

"जाऊ द्या. तसं बी सही करतानी जीभ बाहेर येते तुमची."

तिनं घागरीत पाणी घालून मरळ सोडली, वर ताटली झाकली. रस्सा झकास झाला होता. ती जेवली नाही, छाती जड वाटते म्हणाली. मला वाटलं, रुसली. मी तिच्या वाटचाही तुकडा खाल्ला. पहाटे हाक मारली, ती उठली नाही.

सकाळी घरात माणसं जमली. तिला आंघोळ घालायला पाणी पाहिजे म्हणून भावजयीनं घागर उचलली, तर आत काहीतरी हललं. मी तिच्या हातून घागर घेतली अन् तलावाच्या पाळीवर गेलो.

राखणदार आमचाच सभासद. मला पाहून उठला. "भाऊ, वयनी गेली म्हन्ते, अन् तुमी इथी?"

मी घागर उपडी केली. मरळ जरा वेळ उथळ पाण्यात तशीच पडली, मग गेली.

"हे कुठची?"

"इथचीच. काल चोरली. दुसरी खाल्ली. लिहून घे, मी सोसायटीतून बाहेर."

"आजच काऊन पन, भाऊ?"

"तिनं सकाळीच सोडा म्हटलं होतं."

मी घागर विसळली, तलावाच्या पाण्यानं भरली अन् तिच्या आंघोळीला घेऊन घरी आलो.