खिडकीपलीकडचं वाक्य

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि घरच्या माणसांना शिकवायचं नाही, असा माझा नियम आहे. घरची माणसं अभ्यास करत नाहीत आणि वर आपल्यालाच अक्कल शिकवतात. हा नियम आत्याने मोडला. पन्नाशी उलटल्यावर तिला इंग्रजी व्याकरण शिकायचं होतं, आणि आत्याने काही मनावर घेतलं की बाकीच्यांनी मुकाट बाजूला व्हायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे.

आत्या एका हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात काम करते. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या तिथे धुतात, दुहेरी कापडात बांधतात आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालतात. नर्सेस तिला चिमटाताई म्हणतात. समोर हसून म्हणतात, पण जरा जपूनच.

विभागात खोल्या दोन. एकीत मळलेलं सामान येतं, दुसरीत स्वच्छ सामान बांधलं जातं, आणि मधल्या भिंतीत एक खिडकी. सामान त्या खिडकीतून एकाच दिशेने जातं. पलीकडे गेलेली वस्तू खिडकीतून मागे येत नाही. काही बिघडलं तर बाहेरच्या पॅसेजमधून पूर्ण वळसा घालून मळक्या खोलीपासून पुन्हा सुरुवात. बांधलेलं पुडकं खाली पडलं, त्याचा कोपरा ओला झाला, गाठ सैल झाली, की संपलं. वरवर पुसून भागत नाही. सगळं सोडायचं, धुवायचं आणि नव्याने बांधायचं. आत्याची सारी नोकरी याच शिस्तीत गेली.

तिच्या इन्चार्ज बाई निवृत्त व्हायच्या बेतात होत्या. माणूस गरीब. वरच्या मजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमधून कुणी घाई केली की त्यांचा धीर सुटायचा आणि त्या म्हणायच्या, "जाऊ दे, देऊन टाक." मग आत्याने बाजूला काढलेलं पुडकं तिच्या डोळ्यांदेखत वर जायचं. त्या दिवशी आत्या घरी जेवायची नाही. इन्चार्जची जागा तिला मिळू शकत होती, पण त्यासाठी एक कोर्स लागत होता, आणि कोर्सच्या प्रवेशाला इंग्रजीचा लेखी पेपर, कारण तिथले सगळे रिपोर्ट इंग्रजीत.

"मला खुर्ची नकोय गं," आत्या मला म्हणाली. "मला 'नाही' म्हणायचा हक्क पाहिजे. मी 'नाही' म्हटलं की ते माझ्या डोक्यावरून बाईंना विचारतात."

मी वही पुढे केली. बस म्हटलं.

मी आत्याकडेच राहते, त्यामुळे रोज सकाळी तिच्या ड्यूटीआधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शाळा भरायची. काका, म्हणजे आत्याचे यजमान, पेशाने शिंपी. ते चहा करायचे आणि चहाबरोबर शेरे फुकट द्यायचे. छोटी वाक्यं आत्याला पटकन जमली. घोडं अडलं ते वाक्यं जोडताना. 'ऑलदो' लिहिलं की पुढच्या उपवाक्याआधी ती हटकून 'बट' लिहायची. मी लाल पेनाने तो 'बट' उडवायची, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"अगं आत्या, दोन्ही नाही येत. एकच."

"असं कसं? 'जरी' आलं की 'तरी' यायलाच पाहिजे. जोडी आहे ती. कात्रीचं एकच पातं मी वर पाठवते का?"

"इंग्रजीत पाठवतात."

"म्हणून त्यांना इतके नियम करावे लागतात," काका कपात साखर ढवळत म्हणाले.

फुलस्टॉपचंही तेच. आत्या बोलते तशी लिहायची, एका दमात. 'अँड' लावत लावत सकाळच्या पाण्यापासून संध्याकाळच्या बसपर्यंत एकच वाक्य. मी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. अर्ध्यात तिला धाप लागली, काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि मी म्हटलं, "बघ, ग्लास आला तिथे फुलस्टॉप." ते तिला पटलं. कॉमा मात्र ती बरेच दिवस मीठ भुरभुरावं तसे टाकत होती. मी चिडले की ती शांतपणे म्हणायची, "चीड हवी तेवढी, मास्तरीणबाई, पण समजावून सांग." भांडी घासताना, बसची वाट बघताना तिचे ओठ हलत असायचे. शेजारणीला वाटलं ही जप करते. जप कसला, 'अनलेस' आणि 'अन्टिल' चालले होते.

परीक्षेपर्यंत ती इतकी तयार झाली की मी बिनधास्त होते. आणि ती नापास झाली.

थोडीथोडकी नाही, सपाटून नापास. पेपर दिल्या दिवशी विचारलं तेव्हा ती भांडी घासायला उठून गेली होती. निकाल लागल्यावर मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. तिने पहिला परिच्छेद लिहिला, वाचून पाहिला, एका ठिकाणी कॉमा राहिलेला दिसला. तिने अख्ख्या पानावर काट मारली आणि नव्या पानावर पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा एक स्पेलिंग चुकलं. पुन्हा काट, पुन्हा पहिल्यापासून. घंटा झाली तेव्हा तिच्याकडे एकच परिच्छेद होता, पण निर्मळ. बाकीचे प्रश्न कोरे.

माझं डोकं फिरलं. "एका कॉमासाठी पान रद्द? तिथल्या तिथे घालायचा ना तो!"

"डाग लागलेलं पुढे कसं देऊ?" आत्या म्हणाली. "माझा हातच होत नाही."

मला वाटलं, झालं, आता ही सोडून देणार. पुढची परीक्षा बाई निवृत्त व्हायच्या आधीची शेवटची होती. तीही गेली तर बाहेरून कुणीतरी येणार, आणि आत्या आयुष्यभर दुसऱ्याच्या "जाऊ दे" खाली काम करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून आले, तर ती टेबलाशी पेन घेऊन बसलेली. "शिव्या देऊन झाल्या असतील तर सुरू कर," ती म्हणाली.

आता शिकायचं होतं चूक सोडून पुढे जायला, आणि ते व्याकरणाहून महाकठीण निघालं. चुकलेल्या शब्दावर नुसती एक रेघ मारून पुढचा शब्द लिहायचा, एवढंच. तिच्या कपाळावर घाम यायचा. डोळे पुन्हा पुन्हा मागे जायचे. मी समजावलं, ओरडले, एकदा तर पेनच काढून घेतलं. काही उपयोग नाही.

तोड शेवटी तिनेच काढली. एका सकाळी तिने लिहिलेल्या वाक्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, फक्त रिकाम्या ओळी दिसतील असा.

"हे काय?"

"खिडकी," ती म्हणाली. "वाक्य झालं की ते पलीकडे गेलं. आता मागे हात घालायचा नाही. सगळं लिहून झालं की बाहेरून वळसा घालून येईन आणि मग बघीन काय बिघडलंय ते."

मी इतकी वर्षं शिकवते, पण हे मला सुचलं नव्हतं. सुचणारही नव्हतं, ते तिच्या खोलीतलं होतं. त्या सकाळी तिने दोन पानं भरली. चुका होत्या, भरपूर होत्या, पण शेवटचं वाक्यही होतं.

परीक्षेत पुठ्ठा चालला नसता म्हणून तिने प्रश्नपत्रिकेचीच घडी घालून ती सरकवत नेली. मी बाहेर झाडाखाली उभी होते. ती आली ती पदराने बोटांवरची शाई पुसत.

"पहिल्याच परिच्छेदात घोळ झालाय," ती म्हणाली. "लिहितानाच कळलं. 'ऑलदो'च्या पुढे 'बट'."

"मग?"

"मग काय? जाऊ दिलं पलीकडे. हात शिवशिवत होता, तो मांडीखाली घातला. शेवटी वळसा घालून आले आणि त्या 'बट'ला एक रेघ मारली."

"म्हणजे सगळा पेपर लिहून झाला?"

"सगळा."

मी भर रस्त्यात तिला मिठी मारली. मला रडू येत होतं आणि ती म्हणत होती, "अगं, शाई लागेल."

ती पास झाली, कोर्स झाला, बाईंच्या जागी तिचं नाव लागलं. मध्यंतरी मी तिला न्यायला हॉस्पिटलात गेले होते. ती टेबलाशी रिपोर्ट लिहीत होती. कागदावर एका शब्दावर स्वच्छ सरळ रेघ होती, शेजारी बरोबर शब्द, आणि पेन केव्हाच पुढच्या ओळीवर पोचलं होतं. तेवढ्यात दारात थिएटरचा एक तरुण डॉक्टर आला. त्याच्या हातातून पुडकं पॅसेजमध्ये निसटलं होतं.

"ताई, कोपराच टेकला हो जरासा. वर सगळे थांबलेत. दुसरं बांधेपर्यंत वेळ जाईल. हेच नेतो ना?"

मी आत्याकडे पाहिलं. तिने पेनाला टोपण लावलं, उठली आणि ते पुडकं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने सवयीने तिच्या पाठीमागे पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारावं म्हणून. तिच्या पाठीमागे कुणी नव्हतं.