टाउन हॉलमधलं स्वागत

“काय हो, तिकडे सरकारचे जावई होता. इकडेही तेच व्हायचंय?”

डॉक्टर हे हसत हसत बोलले. मराठीत. टाउन हॉलच्या मीटिंगमध्ये, लांब टेबलामागे बसून. शेजारचे गोरे मेंबरही हसले. त्यांना वाटलं, काहीतरी छान चाललंय.

समोरच्या खुर्च्यांवर मी आणि माझे मिस्टर. न्यू जर्सीतलं एक छोटं टाउन, ऐंशीच्या दशकाची सुरुवात. सरकारच्या पैशातून टाउनची कमिटी कमी पगाराच्या लोकांना घरासाठी स्वस्त व्याजाचं लोन द्यायची. मिस्टर कारखान्यात टेक्निशियन, मी नर्सिंग होममध्ये. बँकांनी दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणून इथे आलो. आणि कमिटीवर नेमके हे डॉक्टर. मूळचे पुण्याचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही त्यांना काका म्हणायचो.

आमचं आडनाव गावावरून. त्यावरून जात कळत नाही. पण एकदा त्यांच्या मिसेस, म्हणजे काकू, आमच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आल्या, भिंतीवरचा बुद्धाचा फोटो बघितला आणि चहा तसाच ठेवून उठल्या. तेव्हापासून मंडळात सगळ्यांना ठाऊक. आम्ही महार. बौद्ध झालेले. तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त आम्ही नेलेल्या डब्याचं झाकण कोणी उघडेना.

कमिटीच्या अध्यक्षबाईंनी डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं, “काय म्हणालात?”

“आमच्या पद्धतीनं स्वागत केलं.”

“अरे वा,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “मग त्यांचे आभार नाही मानणार?”

मी मिस्टरांकडे पाहिलं. त्यांची मान खाली.

मी म्हणाले, “थँक यू.”

शिवी दिली, आणि मी आभार मानले.

मग डॉक्टर इंग्रजीत बोलले. या मंडळींना ते ओळखतात. यांना स्वतःच्या घराची सवय नाही. नीट ठेवतील की नाही, सांगता येत नाही. घाई नको. अर्ज पुढच्या मीटिंगवर गेला.

गाडीत मिस्टर एवढंच म्हणाले, “जाऊ दे. अपार्टमेंट काय वाईट आहे?”

त्यांचे सुपरवायझर डॉक्टरांचे मित्र. नोकरीची भीती. मला कळत होतं. पण मला माझी आजी आठवत राहिली. गावच्या विहिरीपाशी उभी राहायची, कोणीतरी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून. ओतलं की हात जोडायची. मीही तेच करून आले होते. समुद्र ओलांडून.

पुढच्या मीटिंगला मी एकटी गेले. ड्युटीवरून, युनिफॉर्ममध्येच. आमचा अर्ज निघाला तशी उभी राहिले.

“गेल्या वेळी यांनी स्वागत केलं नव्हतं,” मी इंग्रजीत म्हणाले. आणि त्यांचं वाक्य भाषांतर करून सांगितलं.

कोणालाच कळेना. जावई? सरकारचा? एक मेंबर हसू दाबत होता. मग मला जात सांगावी लागली. आजीची विहीर सांगावी लागली. आम्हाला शिकायला ज्या राखीव जागा मिळाल्या, त्यावरून हे लोक आम्हाला जावई म्हणतात, हे सांगावं लागलं. इंग्रजी तुटत होतं. थांबले नाही.

डॉक्टर लालबुंद झाले. “जोक होता. घरातल्या घरात बोलतो आम्ही असं.”

“आम्ही यांच्या घरातले नाही,” मी म्हणाले. “यांच्या घरच्यांना आमचा चहासुद्धा चालत नाही.”

बाईंनी डॉक्टरांना आमच्या अर्जापुरतं बाहेर बसायला सांगितलं. बाकीच्यांनी मतं दिली. लोन नामंजूर. पगाराची शाश्वती नाही म्हणे. तेही खरं असेल. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या डोक्यात आधीच मुरलं होतं, तेही असेल.

घरी काकूंचा फोन आला. “आपल्यातली गोष्ट गोऱ्यांपुढे कशाला मांडलीत?”

“आपल्यात आम्ही कधी होतो, काकू?”

फोन खाली आपटल्याचा आवाज आला. मंडळाचं बोलावणं बंद झालं. मग एकदा जेवताना मिस्टर ताटाकडे बघतच म्हणाले, “पुढच्या वर्षी परत भरू अर्ज. मी पण बोलीन.”

मी तर ठरवूनच बसले होते. त्या टेबलासमोर परत बसायचं. पलीकडे कोणीही असो. आपण कोण, हे कोणी विचारायच्या आधी आपणच सांगायचं, पूर्ण आवाजात. आणि नाही म्हणाले, तर खरं कारण त्यांच्या तोंडानं वदवून घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.