सील उलटं बसू नये म्हणून

कारखान्यात वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोखंडाच्या चुऱ्यासारखे अंगावर बसतात, घरी जाऊन झटकले तरी दोन-चार कॉलरमध्ये राहतातच. चाकणच्या आमच्या कंपनीत ब्रेकचे पार्ट बनतात, मी तिथे क्वालिटी इन्स्पेक्टर. स्टेजवरून कुणी "इनोव्हेशनमुळे या पट्ट्याचा विकास झाला" म्हणालं की माझं डोकं फिरतं राव. का, ते सांगतो.

*

कॅन्टीनच्या दारात सूचनापेटी होती. वर लिहिलेलं, 'तुमची कल्पना, कंपनीची प्रगती'. टूलरूमचे गव्हाणे मामा, इथल्याच गावचे, रिटायर व्हायला आलेले, एकदा एचआरला म्हणाले, "पेटी उघडा की." किल्ली बदली होऊन गेलेल्या साहेबाकडे राहिली होती. मामांनी स्क्रू काढून पेटीचा तळच उघडला. आत चिठ्ठ्या गच्च. सगळ्यात खालची पिवळी पडलेली. ती लिहिणारा कामगार तोवर वारलाही होता.

मामा म्हणाले, "ही सूचनापेटी न्हाई, दानपेटी हाय. टाकायचं आन हात जोडायचे."

*

आमच्या एका पार्टमधलं रबरी सील नुसत्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, फरक असतो तो कडेच्या बारीक उताराचा. कधी कधी ते उलटं बसायचं. ब्रेकचा पार्ट, खेळ नाही. माल परत यायला लागला. मीटिंगा झाल्या आणि शेवटी प्लांट हेडसाहेबांनी लाइनवर बोर्ड लावला, 'ऑपरेटरचे लक्ष नसते म्हणून चुका होतात'.

लाइनवर सुनंदा होती. लातूरकडची, रहाटणीत भाड्याने राहणारी, ठेकेदाराकडून आलेली. तिनं ऑइलच्या रिकाम्या कॅनचं प्लास्टिक कापून त्याला एक खाच पाडली. सील सरळ असेल तर खाचेत बसतं, उलटं असेल तर बसतच नाही. मामांनी जेवणाच्या सुट्टीत तेच लोखंडात करून दिलं. झाला गेज, म्हणजे तपासायचं माप, तयार. त्यानंतर एकही पार्ट परत आला नाही.

मी विचारलं, "सुचलं कसं गं?"

"सर, तो बोर्ड रोज वाचायचे. लई राग यायचा."

*

मग गिऱ्हाईक कंपनीचे लोक पाहायला आले. स्लाइड बनवायचं काम माझ्याकडे. मी सुनंदाचा गेज हातात धरलेला फोटो टाकला. साहेब म्हणाले, "चेहरा काढा, हात राहू द्या." मी काढला. त्याचा राग आजही माझा माझ्यावर आहे.

पाहुण्यांनी विचारलं, "आयडिया कुणाची?"

साहेब म्हणाले, "आमच्या क्रॉस फंक्शनल टीमची."

सुनंदा चार पावलांवर काम करत होती. पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "सर, ही टीम बसते कुठं? एकदा भेटवा की मला."

*

त्या गेजवर कंपनीला ट्रॉफी मिळाली. ती रिसेप्शनमध्ये काचेत ठेवली. पुढच्याच महिन्यात सुनंदाचं कार्ड गेटवर चाललं नाही. एचआर म्हणे ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणे कंपनीला विचारा. ती डबा हातात घेऊन उन्हात उभी. मामा आतून आले, वॉचमनवर ओरडले, "हिनं लाइन वाचवली, आन हिलाच भायेर उभी करता व्हय?"

वॉचमन मान खाली घालून म्हणाला, "मामा, मी बी ठेकेदाराचाच हाय."

*

मामा रिटायर झाले आणि त्यांनी चिखलीत पत्र्याच्या शेडमध्ये दोन मशिनी टाकल्या. भागीदार सुनंदा. वर्षभरानं आमचा गेज झिजला. नवा करायला गेले तर ड्रॉइंगच कुणी ठेवलेलं नव्हतं. माल पुन्हा परत येऊ लागला, लाइन थांबली. तेव्हा परचेसवाल्यांना सुनंदाचा नंबर आठवला.

ती नवा गेज घेऊन आली, आधीच्यापेक्षा चांगला. मी तिथंच तपासला. एक नंबर.

परचेस ऑफिसरनं फॉर्म पुढे सरकवला. "मॅडम, या कामाच्या अनुभवाचा दाखला जोडावा लागेल. त्याशिवाय ऑर्डर निघत नाही."

"अनुभव इथलाच हाय की. चार वर्षं तुमच्याच लाइनवर होते."

त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "तुमचं नाव नाही. रेकॉर्डप्रमाणे तुम्ही या कंपनीत कधी नव्हताच."

मी म्हणालो, "अहो, मी सांगतोय ना. पहिला गेज हिनंच केला."

"सर, तुमच्या सांगण्यावर सिस्टिम चालत नाही."

सुनंदानं फॉर्म तसाच परत सरकवला. समोरचं पाणी प्यायली, टेबलावरचा गेज उचलला, पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि उठली.

ऑफिसर गडबडला. "मॅडम, सॅम्पल ठेवून जा. खाली लाइन थांबलीय."

सुनंदा दारात वळली. "कसलं सॅम्पल, साहेब? मी तर इथं कधी नव्हतेच."