नकाशातलं हिरवं गाव

पन्नासच्या दशकात चांद्याजवळची कोळशाची खाण वाढू लागली, तेव्हा तिच्याभोवती झाडाझुडपांचं आदर्श नगर वसवायचं ठरलं. नियोजनाचे साहेब आमच्याकडे उतरले, दोन वेळा भरपेट जेवले आणि खाटेवर नकाशा पसरून बसले. त्यात खाण काळ्या रंगात होती, कामगारांच्या चाळी लाल, आणि मोहाच्या झाडांसकट आमचं गाव हिरवंगार.

"तुमचं गाव हिरव्यात आलंय. एक झाडसुद्धा हलणार नाही," साहेब म्हणाले.

बाबांनी गावभर गूळ वाटला. लाल रंगात सापडलेल्या शेजारच्या गावाची तर त्यांना कीव आली.

पुढच्या उन्हाळ्यात घरं रिकामी करायचा हुकूम आला. बाबा मला घेऊन थेट साहेबांच्या कचेरीत गेले.

"साहेब, तुमीच तं म्हटलं होतं, झाड हालणार नाई!"

"झाडं राहणारच आहेत. तिथे उद्यान होणार," साहेब समजुतीनं म्हणाले. "उद्यानात कुणी राहतं का?"

चहाही त्यांनीच पाजला. बाबांनी तो तसाच ठेवला.

आम्ही परतलो तेव्हा सारं गाव वेशीवर उभं होतं.

"काय म्हणे साहेब, भाऊ?"

"झाडं वाचली," बाबा म्हणाले, आणि कुणाकडे न बघता घरात गेले.